सहा वर्षे थांबले, आता आणखी किती थांबू?

वाचकांचे प्रश्न : गुंतवणूक

प्रश्न : मी मिरजेच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाची इन्चार्ज सिस्टर होते आणि २०१९ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशातून त्या वर्षीच्या दिवाळीत एका वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपनीचे ४०० शेअर ३१० रुपये भावाने घेतले. ही कंपनी सिरिंज पंप (सिरिंजमधले औषध ठरावीक वेगाने रुग्णाला देणारे यंत्र) आणि पेशंट मॉनिटर तयार करते. तिचे पंप आमच्या विभागात होते आणि ते चांगले चालत, म्हणूनच मी हे शेअर घेतले. २०२१ मध्ये भाव ६१० पर्यंत गेला होता, तेव्हा विकले नाहीत. आज भाव ३४५ आहे. वर्षाला शेअरमागे दीड रुपया लाभांश मिळतो. पुण्याचा भाचा म्हणतो, "मावशी, हा शेअर झोपलेला आहे, काढून टाक." बँकेत ठेवले असते तर बरे झाले असते असे मलाही वाटते. भाच्याने काढून दिलेले वार्षिक अहवालातील आकडे सोबत जोडले आहेत. मी आणखी थांबावे का?
— एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण असा प्रश्न विचारणारे वाचक पुष्कळ असले तरी सोबत आकडे पाठवणारे फार थोडे असतात. या सदराच्या नियमानुसार कंपनीचे नाव छापलेले नाही. अमुक शेअर घ्या किंवा विका असा सल्ला देण्यासाठी सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते आणि ती माझ्याकडे नाही. मात्र आपण दिलेल्या आकड्यांवरून काय दिसते, हे मी स्पष्टपणे सांगू शकतो.

आधी बँकेचा मुद्दा. आपले १ लाख २४ हजार रुपये आज १ लाख ३८ हजार झाले आहेत आणि सहा वर्षांत लाभांशाचे ३,६०० रुपये मिळाले आहेत. हीच रक्कम सहा टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवली असती तर आज पावणेदोन लाखांच्या पुढे गेली असती. आपली खंत खरी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. तरीही ही खंत भावाविषयी आहे आणि प्रश्न कंपनीविषयी आहे, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

कंपनी झोपलेली आहे का? आपण पाठवलेल्या तक्त्यानुसार २०१८-१९ मध्ये तिची विक्री ६२ कोटी होती आणि २०२४-२५ मध्ये ती १०१ कोटी झाली. म्हणजे दरवर्षी सरासरी साडेआठ टक्के वाढ झाली. नफा ६ कोटी २० लाखांवरून साडेदहा कोटींवर गेला. मधल्या काळात नव्या कारखान्यासाठी कंपनीने काही गुंतवणूकदारांना ५ लाख नवे शेअर देऊन २० कोटी उभे केले, त्यामुळे एकूण शेअर १ कोटीवरून १ कोटी ५ लाख झाले. तरीसुद्धा एका शेअरच्या वाट्याला येणारा नफा ६ रुपये २० पैशांवरून १० रुपयांवर गेला आहे. ही चाल मंद आहे, पण ती झोप नव्हे.

मग भाव का हलला नाही? त्याचे उत्तर आपल्या खरेदीच्या दिवशीच सापडते. शेअरमागे ६ रुपये २० पैसे मिळवणाऱ्या कंपनीसाठी आपण ३१० रुपये मोजले, म्हणजे एका वर्षाच्या नफ्याच्या पन्नासपट किंमत दिली. पुढच्या पुष्कळ वर्षांच्या वाढीचे पैसे आपण त्या दिवाळीतच देऊन बसला होता. आज लोक त्याच कंपनीला साडेचौतीस पट देत आहेत. नफा वाढला, पट घटली आणि दोन्हींची वजाबाकी होऊन भाव जागच्या जागी राहिला. २०२१ मधला ६१० हा आकडाही मनातून काढून टाकावा, अशी माझी विनंती आहे. करोनाच्या लाटांत मॉनिटर, ऑक्सिमीटर, व्हेंटिलेटर यांची मागणी एकाएकी वाढली आणि त्या धंद्यातल्या शेअरांना चढा भाव आला. ती मागणी दरवर्षी येणारी नव्हती. त्या भावाशी तुलना करत राहिलात, तर कुठलाही योग्य भाव आपल्याला तोट्याचाच वाटेल.

वाढ मंद का, हे मी आपल्याला समजावून सांगणे थोडे विचित्रच आहे, कारण ते आपल्याइतके जवळून फार थोड्या भागधारकांनी पाहिले असेल. आपल्या विभागात नवा पंप कसा येत असे ते आठवून पाहा. आधी कंपनीचा माणूस डेमोसाठी एक यंत्र ठेवून जातो. मग सिस्टर ते वापरून पाहतात : पन्नास मिलिलिटरची सिरिंज बसवताना दांडा नीट अडकतो का, ताशी दोन मिलिलिटरसारख्या कमी वेगातही औषध सलग जाते का, नळीला पीळ पडला तर अलार्म किती वेळात वाजतो, रात्री दोन वाजता वीज गेली तर बॅटरी जनरेटर सुरू होईपर्यंत टिकते का. रक्तदाब टिकवणारे औषध त्या पंपावर चालू असते, त्यामुळे दोन मिनिटांचा खंडसुद्धा रुग्णाला महागात पडू शकतो. हे सगळे पटले की खरेदी समिती, दरपत्रके, देखभालीचा करार आणि शेवटी चार यंत्रांची मागणी. ती यंत्रे वर्षभर बिनतक्रार चालली की पुढच्या खरेदीत दहा येतात. साबण किंवा बिस्किटे विकणाऱ्या कंपनीसारखी जाहिरात करून ही विक्री दुप्पट होत नाही. पण याच कारणाने एकदा विभागात रुळलेले यंत्र सहसा बदललेही जात नाही, कारण सगळ्यांचे हात त्या बटणांना सरावलेले असतात. धीमेपणाची ही दुसरी बाजू भागधारकाच्या फायद्याची आहे.

यात सरकारी नियमांची भर पडते. पूर्वी आपल्याकडे मोजक्याच उपकरणांना औषध कायदा लागू होता. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. धोक्याच्या प्रमाणानुसार ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी व डी वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. युरोपातही २६ मे २०२१ पासून अधिक कडक नियम लागू झाले, त्यामुळे तिकडे माल पाठवणाऱ्यांना जुनी मान्यता नव्याने सिद्ध करावी लागली. चाचण्या, कागदपत्रे, तपासण्या यांचा खर्च आधी होतो आणि विक्री नंतर येते. आपल्या कंपनीच्या २०२२ आणि २०२३ या वर्षांतील नफा दबलेला दिसतो, त्याचे एक कारण हे असू शकते. त्या वर्षांच्या संचालकांच्या अहवालात ते तपासावे.

आता मला खरोखर खटकलेल्या आकड्याकडे येतो. कंपनीची येणे बाकी, म्हणजे माल गेला पण पैसे आले नाहीत अशी रक्कम, सहा वर्षांपूर्वी १८ कोटी होती आणि आता ४१ कोटी आहे. विक्रीशी ताडून पाहिले तर पूर्वी सरासरी १०६ दिवसांत वसूल होणारे पैसे आता १४८ दिवसांनी येत आहेत. सहा वर्षांचा एकूण नफा सुमारे ५० कोटी दाखवला आहे, पण धंद्यातून हातात आलेली रोकड सुमारे ३० कोटीच आहे. फरक २० कोटींचा, आणि येणे बाकी वाढली आहे २३ कोटींनी. नफ्याचा मोठा हिस्सा उधारीच्या वहीतच पडून आहे. रुग्णालयांची, विशेषतः सरकारी खरेदीची, बिले उशिरा निघतात हे खरे. परंतु या धंद्यात उधारी असणे वेगळे आणि ती दरवर्षी लांबत जाणे वेगळे. विक्री वाढवण्यासाठी वितरकांना जास्त उधार माल देणे हा सोपा मार्ग असतो आणि त्याची किंमत पुढे बुडीत रकमेच्या रूपाने मोजावी लागते. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये येणे बाकीचे वय दिलेले असते : सहा महिन्यांच्या आतील किती, एक ते दोन वर्षांची किती, तीन वर्षांपेक्षा जुनी किती. तो तक्ता भाच्याकडून काढून घ्यावा. त्याच टिपांमध्ये विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता किती वाढली आहे हेही पाहावे. नव्या उत्पादनावरचा खर्च ठरावीक अटी पूर्ण झाल्या तर नफ्यातून वजा न करता मालमत्तेत धरता येतो. उत्पादन बाजारात न येता ही रक्कम फुगत राहिली, तर नफा दिसतो तितका नसतो.

हे मी पोटतिडकीने लिहितो आहे, कारण मी स्वतः एका क्ष-किरण यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षे थांबलो होतो. त्या काळात भाव रोज पाहिला आणि अहवाल एकदाही उघडला नाही. तिच्या लेखापरीक्षकाने वर्ष अर्धे असताना राजीनामा दिला, ते मला चार महिन्यांनी वर्तमानपत्रातून कळले. तोवर निम्मे पैसे गेले होते. मी त्याला धीर म्हणत होतो. प्रत्यक्षात ते दुर्लक्ष होते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : या आकड्यांवरून घाईने विकून टाकण्याजोगे काही मला दिसत नाही, पण नवे पैसे घालण्याजोगेही दिसत नाही. थांबायचे असेल तर मुदत आणि अट कागदावर लिहून थांबावे. मार्च २०२६ आणि मार्च २०२७ अशा दोन वर्षअखेरींचे निकाल पाहावेत. वसुलीचे दिवस १२० च्या आसपास उतरले आणि हातात येणारी रोकड नफ्याच्या जवळ आली, तर मंद वाढीचा हा शेअर ठेवायला हरकत नाही. दिवस १५० च्या पुढे गेले, किंवा रोकड कमी पडते म्हणून कंपनीने पुन्हा नवे शेअर विकले, किंवा प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांनी, स्वतःचे शेअर गहाण टाकले, तर भाव काहीही असो, बाहेर पडावे. कराची चिंता आपल्याला नाही. वर्षभराहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरांच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे, पण तो वर्षाला सव्वा लाखावरील नफ्यावर. आपला नफा १४ हजार आहे. हे पैसे आपल्या एकूण शिलकीचा किती भाग आहेत, ते पत्रात नाही. दहाव्या हिश्श्याच्या आत असतील तर दोन वर्षे थांबता येईल. औषधपाण्यासाठी लागणारे असतील तर वरचे सगळे बाजूला ठेवून निम्मे तरी मोकळे करावेत.

प्रश्न : आम्ही द्राक्षबागायतदार आहोत, वाट पाहणे आम्हाला नवे नाही. हृदयाचे स्टेंट आणि हाडांचे इम्प्लांट बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर पडेल तसा मी आणखी घेत गेलो आणि सरासरी भाव खाली आणला. हेच चालू ठेवू का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ऑक्टोबर छाटणीआधी काडीच्या कितव्या डोळ्यात घड आहे हे आपण तपासून घेता आणि मगच कात्री लावता. शेअर पडला म्हणून आणखी घेणे ही न तपासता केलेली छाटणी आहे. आपल्या कंपनीच्या बाबतीत एक धोका वेगळाच आहे. सरकार या वस्तूंच्या किमतींवर मर्यादा घालू शकते. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवण्यात आली, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवर मर्यादा आली. रुग्णांच्या दृष्टीने हे निर्णय आवश्यकच होते, असे माझे मत आहे. पण भागधारकाने हे गृहीत धरूनच हिशेब मांडला पाहिजे. कंपनीचा उत्पादनखर्च कमी होत असेल आणि विक्रीची संख्या वाढत असेल, तरच पुढची खरेदी करावी. एरवी सरासरी भाव खाली आल्याचे समाधान मिळते, पण एकाच कंपनीत अडकलेली रक्कम मात्र वाढत जाते.

प्रश्न : माझ्याकडे अशाच एका कंपनीचे फक्त ६० शेअर आहेत. वार्षिक सभेत मला प्रश्न विचारता येईल का? मुंबईला जाणे जमणार नाही.
— एक निवृत्त शिक्षक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : एक शेअर असला तरी विचारता येतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते आणि २०२० पासून अनेक कंपन्या ती दृक्‌श्राव्य पद्धतीने घेतात. सभेची सूचना किमान २१ दिवस आधी ई-मेलने येते, म्हणून डीमॅट खात्यातला आपला ई-मेल चालू आहे ना, ते आधी पाहावे. सूचनेत वक्ता म्हणून नाव नोंदवण्याची मुदत दिलेली असते. नाव नोंदवावे आणि प्रश्न लेखी स्वरूपात आधीच पाठवावा. "भाव कधी वाढणार" असे विचारू नये, त्याला कोणीही उत्तर देणार नाही. "एक वर्षापेक्षा जुनी येणे बाकी किती आहे, त्यात सरकारी रुग्णालयांचा आणि वितरकांचा वाटा किती, आणि त्यातली किती रक्कम बुडीत धरली आहे" असे विचारावे. वेळ मिळाला नाही, तर तोच प्रश्न कंपनी सचिवांना पाठवून लेखी उत्तर मागावे.