कुत्रा मझल घालूच देत नाही, काय करावं?

तुमचा लॅब्राडोर नखं कापायच्या दिवशी मझल (तोंडाला लावायचं मुसकं) दिसलं की पलंगाखाली शिरतो आणि घातलंच तर पंज्यांनी ओरबाडून काढतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं काही चुकत नाही. मझल निघालं म्हणजे पुढे नखं, सुई नाहीतर कानात औषध, एवढं त्याला पक्कं कळलंय. ते आधी पुसायला हवं.

पण त्याआधी, तुमच्याकडे मझल कुठलं आहे? तोंड घट्ट मिटून ठेवणारं कापडी असेल, तर ते डॉक्टरांच्या टेबलावर चारदोन मिनिटांपुरतं ठीक. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. बडोद्याच्या मे महिन्यात त्याचं तोंड बांधून फिरवलं तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. जाळीचं, बास्केट मझल घ्या, आत त्याला तोंड उघडता येईल, पाणी पिता येईल असं. माप घेताना नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या थोडं खालपर्यंतची लांबी आणि डोळ्यांखालून तोंडाचा घेर मोजा, घेर तोंड किंचित उघडं असताना. नाकापुढे सेंटिमीटरभर जागा राहू द्या. दुकानदार 'लॅबला चार नंबर' म्हणून हातात देईल ते तसंच आणू नका.

आता सवय. सुरुवातीला मझल घालायचंच नाही. ते बाहेर काढा, त्याने पाहिलं की पनीरचा तुकडा द्या, मझल परत आत. क्रम हाच: आधी मझल, मग पनीर. उलट केलंत तर पनीर दिसताच तो पलंगाखाली जायला लागेल! मझल दिसल्यावर तो शेपटी हलवत आला की पुढच्या बाजूला आतून घट्ट दही लावा आणि वाटीसारखं हातात धरा. नाक त्याने स्वतः घालायचं. तुमचा हात त्याच्या तोंडाकडे सरकता कामा नये, आणि त्याने नाक काढलं तर मझल घेऊन त्याच्या मागे मागे जायचं नाही. नाक आत आहे तोवर फटीतून खाऊ चालू, बाहेर आलं की बंद. (शेंगदाण्याचं बटर चालतं, डब्यावर झायलिटॉल, म्हणजे कुत्र्यांना विषारी असलेला साखरेचा पर्याय, नाही ना ते वाचून घ्या. बडोद्याचा लीला चिवडा मात्र नको, त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक.)

बहुतेकांचं घोडं बकलपाशी अडतं. नाक आरामात आत राहतंय म्हणून लोक लगेच पट्टा आवळतात आणि आठवड्याची मेहनत पाण्यात जाते. पट्टे नुसते कानामागे टेकवून काढा. बकलचा 'टक्' आवाज मझलशिवाय, खाऊ देत देत वेगळा ऐकवा. मग लावा आणि तो चाटत असतानाच उघडा. काही सेकंद, मग थोडं जास्त, मध्येच पुन्हा कमी. पंजा उचललाच तर ओरडू नका, चार पावलं चालवा, लक्ष दुसरीकडे गेलं की काढा. पुढच्या वेळी पंजा उचलायच्या आधीच थांबा.

घरात जमलं की फिरायला जाताना घाला. आमची चिंगी रस्त्यावरचं काहीही गिळते म्हणून तिला रोजच असतं. दांडिया बाजारात अजूनही कोणीतरी विचारतंच, "काका, करडे छे?" (चावते का?) विचारू दे, तेवढंच लोक अंतर ठेवतात. गल्लीतल्या कुत्र्यांची काळजी मात्र घ्यायला हवी. मझलमध्ये आपला कुत्रा स्वतःला वाचवू शकत नाही, तेव्हा टोळी बसते तो रस्ता टाळा. मझल घालून त्याला एकटं सोडू नका, आणि भुंकणं थांबवायला तर कधीच वापरू नका. उलट्या होत असतील किंवा श्वास लागला असेल तेव्हाही नको.

दवाखान्यात आपलंच मझल न्या आणि आत शिरायच्या आधी बाहेरच, तुमच्या हाताने घाला. कंपाउंडरला आधीच सांगून ठेवा. नखांची भीती मझलने जाणार नाही. ती घरी रोज पंजा हातात घेऊन, खाऊ देत, नेलकटर नुसता टेकवत वेगळी घालवावी लागेल, आणि मझलची सवय पक्की होईपर्यंत ही दोन्ही कामं एका बैठकीत करू नका.