बोटीने आलेली गाडी आणि १८ जुलै

ब्रिटनमधली नोकरी सोडून पुण्यात परतलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे: तिथल्या ओळखीच्या गृहस्थांनी आपल्या कंटेनरमध्ये जागा आहे म्हणून त्यांची गाडी घातली, १,४०० पौंड खात्यावर घेतले, विमा ‘उगाच खर्च’ म्हणून टाळला. गेल्या वर्षी १८ जुलैला कंटेनर मुंबईत उतरला. ड्युटी भरून ६ ऑगस्टला गाडी ताब्यात मिळाली, ती छत दबलेली आणि पुढची काच फुटलेली. दुरुस्तीचा अंदाज सात लाख. ओळखीचे गृहस्थ म्हणतात जहाज कंपनीला विचारा, जहाज कंपनीचे मुंबईतले एजंट म्हणतात त्यांनाच विचारा. ‘कराराची मुदत तीन वर्षं असते, म्हणून थांबलो,’ असं वाचक लिहितात. आखातातून आणि सिंगापूरहून सामान आणणाऱ्यांची याच धाटणीची पत्रं माझ्याकडे सतत येतात.

करार लेखी नव्हता, विमा नव्हता, हे तुम्हाला आता कळलंच आहे. त्यावर वेळ घालवत नाही. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य ‘म्हणून थांबलो’ हे आहे. तीन वर्षांची मुदत आपल्या १९६३च्या मुदत कायद्यातली, साध्या करारासाठीची. जहाजाने आलेल्या मालाला ती लागू नाही. ब्रिटिश बंदरातून निघालेल्या मालाच्या बिल ऑफ लॅडिंगवर (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती आणि वाहतुकीचा करार असलेला कागद) तिथल्या १९७१च्या कायद्याने हेग-विस्बी नियम, म्हणजे समुद्री मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू होतात, आणि त्यात स्पष्ट आहे की माल मिळाल्यापासून, किंवा मिळायला हवा होता त्या दिवसापासून, एका वर्षात दावा दाखल झाला नाही तर वाहतूकदार, म्हणजे इथे जहाज कंपनी, जबाबदारीतून पूर्ण मोकळा होतो. उशीर माफ करण्याची सोय त्यात नाही. आपल्याकडे अपिलाला उशीर झाला की ‘पुरेसं कारण’ दाखवता येतं, दाव्याला ते चालत नाही. वकिलाची नोटीस पाठवली की मुदत थांबते हाही गैरसमज आहे. नोटिशीने काहीही थांबत नाही.

वर्ष ६ ऑगस्टपासून मोजायचं, असा युक्तिवाद करता येईल. तरीही तुम्ही १८ जुलै धरा. दोन तारखांपैकी आधीची धरण्यात तुमचं काहीच जात नाही, आणि आज जून उजाडला आहे.

पण लगेच पुण्याच्या कोर्टात धाव घेऊ नका. तुम्ही पाठवलेल्या बिल ऑफ लॅडिंगच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, सगळे वाद लंडनच्या हायकोर्टातच चालतील असं कलम आहे. असं कलम आपली कोर्टं सहसा मानतात. इथे दाखल केलेला दावा उद्या परत गेला तर तोवर लंडनची मुदत संपलेली असेल. आज रात्रीच करण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि तिला पैसे लागत नाहीत: वाहतूकदाराकडे ईमेलने सहा महिन्यांची मुदतवाढ मागा. वाद उद्भवल्यानंतर दोन्ही बाजूंच्या संमतीने वर्ष वाढवता येतं, हे त्याच नियमांत लिहिलेलं आहे, आणि जहाजाच्या धंद्यात अशी पत्रं रोजची असतात. बिल ऑफ लॅडिंग क्रमांक, कंटेनर क्रमांक, नुकसानीचा अंदाज आणि ‘१८ जानेवारीपर्यंत मुदत वाढवल्याचं लेखी कळवा’ एवढं पुरे. पुढच्या बाजूला तळाशी सहीच्या चौकटीत ‘अ‍ॅज कॅरिअर’ (वाहतूकदार या नात्याने) म्हणून जिचं नाव आहे, पत्र त्या कंपनीला जायला हवं. मुंबईच्या एजंटला प्रत द्या, पण फक्त एजंटला पाठवून थांबू नका. दहा दिवसांत लेखी होकार आला नाही, तर लंडनमधला सॉलिसिटर गाठावा लागेल. त्याचा खर्च परवडेल का, हे मात्र आधी तपासा.

कारण या बाजूने मिळणारी रक्कम मर्यादित आहे. त्याच नियमांप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी नुकसान झालेल्या मालाच्या दर किलोला दोन एसडीआर अशी मोजली जाते. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. चौदाशे किलोच्या गाडीला २,८०० एसडीआर, म्हणजे साधारण तीन ते साडेतीन लाख रुपये. शिवाय बिलावर ‘शिपर्स लोड, स्टो अँड काउंट’, म्हणजे माल भरला, रचला आणि मोजला तो पाठवणाऱ्याने, असा शिक्का आहे. कंटेनर भरला तुमच्या ओळखीच्यांनी, त्यामुळे गाडी नीट बांधलेली नव्हती, वरचं सामान तिच्यावर घसरलं, असं कंपनी म्हणणारच. कस्टम्सच्या तपासणीवेळी तुम्ही काढलेल्या फोटोंत चाकांखाली लाकडी ठोकळे दिसत नाहीत, एकच पट्टा दिसतो आणि तोही सैल. हे फोटो जहाज कंपनीविरुद्ध तुमची बाजू कमजोर करतात, पण ओळखीच्यांविरुद्ध तेच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहेत.

गाडी घेताना तुम्ही शेऱ्याशिवाय सही केलीत आणि तीन दिवसांत लेखी तक्रार दिली नाहीत, म्हणून हक्क गेला असं एजंट सांगतो ते खरं नाही. त्याने फक्त नुकसान सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर जास्त येतं. कन्सायनी, म्हणजे माल ज्याच्या नावे पाठवला तो, म्हणून तुमचंच नाव आहे हेही महत्त्वाचं. कित्येकांच्या बिलांवर ओळखीच्याच्याच फर्मचं नाव असतं, आणि मग दाव्याचा अधिकार कोणाचा यावरच वर्ष निघून जातं.

ओळखीच्यांविरुद्ध मात्र अजून वेळ आहे. पैसे घेऊन सेवा दिली, तेव्हा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पुण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येईल. तक्रारदार राहतो तिथे ती चालते आणि मुदत दोन वर्षं आहे. ‘मी फक्त मदत केली, पैसे खर्चाचे घेतले’ असा बचाव ते घेतील. तो टिकेल की नाही, ते असं काम नेहमी करतात का, यावर अवलंबून आहे. आदेश तुमच्या बाजूने लागला तरी ब्रिटनमध्ये वसुली अवघड आहे. त्यांचा इथे फ्लॅट किंवा जमीन असेल तर चित्र बदलतं, तेवढी चौकशी करा. ‘गाडी आपल्या कंटेनरमध्ये टाकतो, टेन्शन घेऊ नका’ हा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश ज्या फोनवर आला तो विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागेल.

आणि छत अजून बदललेलं नसेल तर गॅरेजला आजच थांबवा. आधी परवानाधारक सर्व्हेअरकडून पाहणी करून घ्या आणि त्या पाहणीला हजर राहण्याचं लेखी बोलावणं ओळखीचे गृहस्थ आणि जहाज कंपनी या दोघांनाही द्या. ते आले नाहीत तरी पाहणी उरका आणि अहवाल घेतल्यावरच दुरुस्तीला हात लावू द्या.