नेमलेली आमदारकी आणि वकिलाची सनद

प्रश्न: आमच्या बाररूममध्ये रोज वाद चालतो की उज्ज्वल निकम साहेब 2024 ला मुंबईत हरले, मग पुढच्याच वर्षी खासदार कसे झाले? आणि समजा आपल्याकडच्या एखाद्या वकिलाला थोड्या दिवसांसाठीच आमदार नेमलं तर त्याची प्रॅक्टिस बंद होते का?
– एक ज्युनियर वकील, अमळनेर

उत्तर: भाऊ, लोकसभा लोकांच्या मतावर, राज्यसभेवरची नेमणूक सरकारच्या मर्जीवर, त्यामुळे हरलेल्या माणसाला नेमायला कायद्याची आडकाठी नाही. जळगावात सरकारी वकील म्हणून सुरुवात केलेला माणूस, 1993 चे बॉम्बस्फोट, 26/11 असले खटले चालवले, लोकसभेला वर्षा गायकवाडांकडून पडला आणि जुलै 2025 मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमला. गंमत अशी की घटनेच्या कलम 80 मध्ये कायदा हे क्षेत्रच नाहीये, साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा एवढंच, म्हणून वकिलाला बहुतेक वेळा समाजसेवक व्हावं लागतं! आपल्या विधान परिषदेत राज्यपालांनी नेमायच्या 12 जागा आहेत, तिथे सहकार चळवळपण चालते, पण खरं सांगू का, क्षेत्र कागदावर, नाव पक्षाचं.

आता थोड्या दिवसांचं. मुदत 6 वर्षांची असते पण मधेच कुणी राजीनामा दिला की त्या जागेवर येणाऱ्याला उरलेलेच दिवस मिळतात. राहुल नार्वेकर पेशाने वकील, राज्यपालनियुक्त आमदार होते, 2019 ला ते सोडून कुलाब्यातून विधानसभेत गेले आणि त्यांच्या जागेची मुदत संपत होती 6 जून 2020 ला. एप्रिल 2020 मध्ये मंत्रिमंडळाने तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंचं नाव राज्यपालांकडे पाठवलं ते असल्याच रिकाम्या जागेसाठी, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची आमदारकी, अन् तीही मिळाली नाही, शेवटी ते परिषदेवर बिनविरोध निवडून आले. आणि नाव गेलं म्हणजे काम झालं असं तर अजिबात समजू नका, आपल्या मुक्ताईनगरच्या नाथाभाऊंना, म्हणजे एकनाथ खडसेंना विचारा, सरकारने नोव्हेंबर 2020 ला पाठवलेल्या 12 जणांच्या यादीत ते होते, यादी राजभवनात पडून राहिली, हायकोर्टाने 2021 ला सांगितलं की राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यावा तरी हललं नाही, मग ते जून 2022 ला निवडणुकीनेच परिषदेत गेले.

सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, काळजी नको. सप्टेंबर 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की खासदार-आमदार वकिली करू शकतात, वकिलांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलची बंदी पगारी पूर्णवेळ नोकरीवर आहे आणि आमदार काही सरकारचा नोकर नसतो. मला मनापासून हे पटत नाही, सकाळी सभागृहात कायदा करायचा अन् दुपारी त्याच्यावरच फी घेऊन भांडायचं, पण निकाल तो निकाल. तुमच्या वकील साहेबांनी फक्त एवढं बघावं की नागपूरला हिवाळी अधिवेशन लागलं की अमळनेरच्या तारखा कोणता ज्युनियर सांभाळणार, बहुतेक तुम्हीच.