वाचक विचारतात : पावसाळ्यात ट्रकने आफ्रिका

गेल्या अंकात नैरोबीपासून केपटाउनपर्यंत मोठ्या ट्रकमधून, रोज तंबूत मुक्काम करत जाणाऱ्या ओव्हरलँड सफारीबद्दल लिहिलं होतं. त्यावर कोकणातून एवढे प्रश्न आले की यावेळी फक्त तेच घेतोय, मुंबई-पुणेवाल्यांनी जरा थांबावं.

आमचा ट्रॉलर आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट वर ओढलेली, घरात बसून करायचं काय? मी आणि मेहुणा जायचं म्हणतोय. पण तेव्हा तिकडे पण पाऊसच असेल ना? आणि सगळे देश एका दमात करायचे का तुकडे पाडायचे? (एक वाचक, हर्णै)

दादा, तिकडे उलटं आहे. विषुववृत्ताच्या खाली जून-जुलै म्हणजे हिवाळा, आणि तो कोरडा. बोट्सवाना, नामिबिया, झांबिया, झिम्बाब्वेत तेव्हा पाऊस जवळपास नसतोच. गवत वाळून खाली बसतं, रानातली डबकी आटतात, मग जनावरं जिथे पाणी उरलंय तिथेच येणार आणि आपल्याला तेच हवंय. मे महिन्यात शाळेची सुट्टी बघून जाणारे लोक केनिया-टांझानियात नेमके मोठ्या पावसात सापडतात, कारण तिथला मोठा पाऊस मार्च ते मे. म्हणून मी म्हणतो की या ट्रिपसाठी अख्ख्या महाराष्ट्रात कोणाचं कॅलेंडर बरोबर जुळत असेल तर ते कोकणातल्या माणसाचं, बंदीतला मासेमार, आंबा आटोपलेला बागायतदार नाहीतर होमस्टे बंद ठेवलेला मालक. फक्त गणपतीच्या आधी परत यायचं तिकीट हातात ठेवा, कुठल्याही सिंहासाठी गणपती चुकवू नका!

आता सगळे देश एका दमात का, तर माझं सरळ उत्तर नको. नैरोबी ते केपटाउन म्हणजे दीड-दोन महिने त्याच वीस-बावीस माणसांबरोबर त्याच ट्रकमध्ये, आणि त्यातले कितीतरी दिवस फक्त रस्ता. तुमच्याकडे जून-जुलै आहे तर तीन आठवड्यांचा एकच टप्पा नीट करा. वरचा टप्पा नैरोबी ते झांजीबार. त्यात केनियातलं मसाई मारा, टांझानियातली सेरेंगेटी, गोरोंगोरो ही जंगलं सगळं येतं आणि जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचे (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) कळप मारा नदी ओलांडतात तो तमाशा पण त्याच दिवसांतला. पण दोन गोष्टी कंपनीवाले बारीक अक्षरात लिहितात. एक म्हणजे मोठा ट्रक सेरेंगेटी-गोरोंगोरोत जात नाही, साधारण टांझानियातल्या अरुशा शहराच्या बाजूला तुम्हाला लँड क्रूझरमध्ये बसवतात आणि त्याचे पैसे कधी पॅकेजमध्ये असतात कधी नसतात. दुसरं, मसाई माराची एन्ट्री परदेशी माणसाला जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला १०० डॉलर आणि १ जुलैपासून २०० डॉलर, २०२४ पासून असंच आहे. म्हणजे मारा करायचंच असेल तर जूनच्या शेवटी उरका, नदी ओलांडणं कदाचित नाही दिसणार पण खिसा वाचेल.

मला विचाराल तर तुम्ही खालचा टप्पा घ्या. व्हिक्टोरिया फॉल्स, बोट्सवानातलं चोबे आणि ओकावांगो, नामिबियातलं एटोशा आणि शेवटी नामिबियाचा किनारा. व्हिक्टोरिया धबधब्याला जुलैत पाणी भरपूर असतं आणि एप्रिलसारखं नुसतं तुषारांचं धुकं नसतं, म्हणजे धबधबा दिसतो तरी. (ऑक्टोबरात झांबियाच्या बाजूला बराचसा नुसता काळा कडा दिसतो.) ओकावांगो तर तुमच्यासारख्या पाण्यातल्या माणसाने बघायलाच हवं, पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरात जानेवारी-फेब्रुवारीत आणि ते पाणी रेताड सपाटीतून हळूहळू सरकत बोट्सवानातल्या माउन गावाच्या आसपास पोचतं जून-जुलैत, भर कोरड्या दिवसांत. म्हणजे वर ढग नाही आणि खाली पूर. ती नदी समुद्राला मिळतच नाही, कलहारीच्या वाळूत पसरून संपते. तिथे मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून फिरवतात, मागे उभा राहून लांब काठीने रेटतात, वल्हं नाही. पूर्वी अख्खं खोड कोरून करायचे, आता झाडं वाचावीत म्हणून बऱ्याच फायबरच्या असतात. नामिबियाचा समुद्र मात्र पोहायचा नाही. बेंगुएला नावाचा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून जातो म्हणून पाणी गारठलेलं आणि सकाळी धुकं, पण त्याच थंड पाण्यामुळे मासळी जबरदस्त, वॉल्विस बेचं बंदर मेहुण्याला नक्की दाखवा.

झांबियातून बोट्सवानात जायला कझुंगुलाला झांबेझी नदी ओलांडावी लागते. २०२१ च्या मे महिन्यापर्यंत तिथे फेरीबोटच होती, आपली दाभोळ-धोपावे असते तशी, फक्त रांगेत मोठे मोठे ट्रेलर आणि ते दिवसेंदिवस उभे. आता पूल झालाय आणि तो सरळ नाही, वळवून बांधलाय, कारण सरळ बांधला असता तर झिम्बाब्वेच्या हद्दीत गेला असता. बघा जाताना.

आणि थंडी. हे तीनदा वाचा. आपल्याकडे स्वेटर म्हणजे महाबळेश्वरला जाताना बॅगेत टाकायची वस्तू, तिथे पहाटे उघड्या जीपमध्ये बसल्यावर कानाला वारा लागतो आणि कलहारीकडे रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. दुपारी टी-शर्ट चालतो, म्हणून लोक फसतात. कानटोपी, हातमोजे, थर्मल आणि बऱ्यापैकी स्लीपिंग बॅग. रेनकोट घरी ठेवा.

माका एकच सांगा, भायर वाघ-सिंह आसतना तंबूत झोप लागता तरी कशी? आणि रात्री बाथरूमला जायचं झालं तर? वय ५६, गुडघे कुरकुरतात. नवरा म्हणतो तुला नाही जमणार. (एक वाचक भगिनी, मालवण)

ताई, पहिलं म्हणजे तिथे वाघ नाहीत, तेवढी भीती कमी करा. सिंह, बिबटे, तरस, हत्ती, पाणघोडे मात्र आहेत आणि सेरेंगेटीतल्या सेरोनेराच्या कॅम्पसाइटला कुंपण नाही हे खरं. तिथे स्वयंपाकाची आणि जेवायची जागा जाळीच्या पिंजऱ्यात असते, म्हणजे माणसं पिंजऱ्यात बसून जेवतात आणि जनावरं बाहेर मोकळी! पण चेन पूर्ण बंद केलेला तंबू ही जनावराच्या लेखी एक बंद वस्तू असते, त्यात शिरायला ते सहसा जात नाही. गडबड होते ती दोन कारणांनी, तंबूत खायचं ठेवलं तर, नाहीतर दार उघडं ठेवून झोपलं तर. बिस्किटचा पुडासुद्धा ट्रकमध्येच. तरसाच्या आवाजाने पहिल्या रात्री झोप लागत नाही हे मान्य, मग दिवसभराच्या प्रवासाने इतकं अंग आंबतं की कोण ओरडतंय ते कळत पण नाही.

बाथरूमचा प्रश्न सगळ्या बायका विचारतात आणि ब्रोशरमध्ये कुठेच उत्तर नसतं. संध्याकाळी सहानंतर चहा बंद. तरी जायचं झालं तर आधी चेन थोडी उघडून टॉर्च गोल फिरवायचा, डोळे चमकले तर परत आत, नाही चमकले तर शेजारणीला उठवून दोघींनी जायचं. तेही नको वाटलं तर रुंद तोंडाचा झाकणाचा डबा तंबूत ठेवा, यात लाजायचं काही नाही, अनुभवी लोक हेच करतात. नदीकाठच्या कॅम्पला पाणघोडे रात्री चरायला वर येतात, त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही, दिसायला सुस्त असतात पण माणसापेक्षा जोरात पळतात.

गुडघ्यांचं खरं सांगतो. ट्रकची शिडी उंच, झोपायचं जमिनीवरच्या पातळ गादीवर, तंबू आपला आपण लावायचा आणि काढायचा, तो पण पहाटे अंधारात. रोज वाकून आत-बाहेर करणं हेच खरं अवघड आहे, सिंह वगैरे नाही. त्यावर उपाय म्हणजे बऱ्याच कंपन्या तोच ट्रक, तोच रस्ता, पण रात्री खोलीत मुक्काम असा प्रकार पण विकतात, महाग पडतो. नाहीतर तंबूवाली ट्रिप घ्या आणि कॅम्पवर पोचल्या पोचल्या रिसेप्शनला खोली आहे का विचारा, बऱ्याच ठिकाणी साध्या खोल्या मिळतात, तीन रात्री तंबू एक रात्र पलंग असं केलं की जमतं. नवऱ्याला सांगा तंबू तो लावेल.

आमच्या घरी सोमवार-गुरुवार-शनिवार शाकाहार. तिकडे उपासमार होईल का? आंबापोळी, सुकट, मेतकूट न्यावं का? (एक वाचक, देवगड)

उपासमार नाही होत पण कंटाळा येतो. ट्रकवर कुक असतो, काही स्वस्त ट्रिपमध्ये प्रवाशांनीच पाळीपाळीने स्वयंपाक करायचा असतो, गॅसच्या शेगड्या ट्रकच्या पोटातून बाहेर निघतात. बटाटा, भोपळा, राजम्यासारखी कडधान्यं, कोबी आणि मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, त्याला केनियात उगाली म्हणतात. केनिया-टांझानियात चपाती आणि समोसा टपरीवर मिळतो, आपल्या लोकांनीच तिथे नेलेला. शाकाहारी आहात हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, ट्रकवर सांगितलं तर कुक मटणातले तुकडे बाजूला काढून देतो आणि तो त्याच्या दृष्टीने शाकाहार असतो.

मेतकूट, लोणचं, आंबापोळी, कोकम आगळ सीलबंद नेलं आणि विचारलं तर नीट सांगितलं की सहसा अडचण येत नाही. ताजी फळं, बिया नकोत. सुकट तर अजिबात नको! एक तर वीस परक्या माणसांसोबत बंद ट्रक, वर बोट्सवाना-नामिबियात जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या रोगासाठी जागोजागी तपासणी नाके आहेत, तिथे गाडी थांबवून कच्चं मांस काढून घेतात आणि तुम्हाला खाली उतरवून बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. आणि फळांबद्दल अजून एक, झिम्बाब्वेतल्या माना पूल्स या राष्ट्रीय उद्यानात संत्री-मोसंबी आणायलाच बंदी आहे कारण हत्तींना तो वास कळतो आणि मग ते गाडी बघत नाहीत तंबू बघत नाहीत.

भांडी आपापली धुवायची आणि फडक्याने पुसायची नाहीत, ओल्या फडक्यावर जंतू वाढतात म्हणून सगळे गोल उभे राहून ताटल्या हवेत हलवून वाळवतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा हसाल.

यलो फीव्हरची लस खरंच लागते का? आणि मलेरिया तर आमच्याकडे पण होतो, त्याच्या गोळ्या कशाला? (एक वाचक, रत्नागिरी)

लस केनिया, युगांडा केलं तर लागतेच, आणि ती तिकडच्यापेक्षा इकडे परत येताना जास्त विचारतात. कारण यलो फीव्हर पसरवणारा डास आपल्याकडे आहे पण तो रोग नाही, म्हणून भारत सरकार कडक आहे, लस घेतल्याचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. कुठल्याही डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रावरच, तुम्हाला मुंबई नाहीतर गोव्यात मुरगाव बंदराचं केंद्र. अंड्याची ॲलर्जी किंवा वय ६० च्या वर असेल तर आधी आपल्या डॉक्टरशी बोला, या वयात लसीचा त्रास व्हायचा धोका जास्त असतो. फक्त खालचा टप्पा करणार असाल तरी विमान कुठून बदलतंय ते बघा, यलो फीव्हरच्या देशात १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका पण कार्ड मागते.

मलेरियाचं, आपल्याला लहानपणी होऊन गेला म्हणून आता होणार नाही असं काही नसतं. तिथे बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे डोक्यात जाणारा प्रकार, आणि घरातली क्लोरोक्विन त्यावर चालत नाही. डॉक्टर साधारण डॉक्सीसायक्लिन किंवा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल देतात. पहिली स्वस्त पण उन्हात कातडी भाजते आणि परत आल्यावर चार आठवडे घ्यावी लागते, दुसरी महाग पण परतल्यावर सातच दिवस. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी आफ्रिकेतून आलोय. शिवाय गडद निळे आणि काळे कपडे नेऊ नका, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते आणि जीन्सवरून पण चावते.

मुलं ९ आणि १३ वर्षांची. ट्रकमध्ये घेतात का? (एक वाचक, सावंतवाडी)

बहुतेक नाही, बऱ्याच ट्रकना १८ च्या पुढचेच लागतात. तुम्ही नामिबियात टपावर तंबू असलेली फोर बाय फोर गाडी भाड्याने घ्या, तिथे डावीकडूनच चालवतात, इंटरनॅशनल परमिट आरटीओत मिळतं. रस्ते खडीचे आहेत, सरळ आणि रिकामे, आणि त्यामुळेच लोक जोरात जातात आणि वळणावर गाडी उलटते, अपघात बहुतेक असेच. टायरची हवा थोडी कमी करायची, ८० च्या वर जायचं नाही, सूर्य मावळला की गाडी बंद. एटोशात ओकौकुएजो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवा असतो, भिंतीच्या अलीकडे बाकावर बसून गेंडे बघता येतात, मुलांना तिथे दोन रात्री द्या, एक नको.

पैसे कसे न्यायचे, आणि चार्जिंगचं काय? (एक वाचक, अलिबाग)

डॉलर न्या पण नोटांवरचं साल बघून. २००६ च्या आधीच्या नोटा बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, फाटलेली किंवा पेनने लिहिलेली तर कोणीच नाही, तेव्हा मनी चेंजरकडे हट्टाने नवीन मागा. काही कंपन्या पॅकेजचा थोडा भाग पहिल्या दिवशी ट्रकवर रोख घेतात, ते बुकिंग करतानाच विचारा. व्हिसा प्रत्येक देशाच्या सरकारी साइटवरच बघा. केनिया-युगांडा-रवांडाचा १०० डॉलरचा एकत्र व्हिसा आहे पण टांझानिया त्यात नाही, आणि झांजीबारला २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्यांचाच ४४ डॉलरचा विमा सक्तीचा झालाय, आपला इथून काढलेला असला तरी.

चार्जिंग ट्रकमध्ये चालू इंजिनवर होतं, त्यावर सगळ्यांची झुंबड, पॉवर बँक मोठी घ्या. केनिया-टांझानियात इंग्लंडसारखे चौकोनी पिन लागतात, दक्षिण आफ्रिकेत मात्र आपला गिझरचा मोठा तीन पिनांचा प्लग असतो तोच बसतो, त्यामुळे तसा मोठा प्लग असलेली घरातलीच एखादी जुनी एक्स्टेंशन बॅगेत टाका. आणि कपडे कॅरीबॅगमध्ये बांधून नेऊ नका, केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, एअरपोर्टलाच काढून घेतात. कापडी पिशव्या न्या.