ज्युरासिक पार्कमध्ये सगळ्या माद्याच होत्या, मग अंडी आली कुठून? बेडकाच्या डीएनएचं कारण पटतं का?

मला नाही पटत, आणि त्या सगळ्या सिरीजमधला सगळ्यात मोठा घोळ मी यालाच म्हणेन. तुम्ही विचारलंय की ज्युरासिक पार्क या पिच्चरमध्ये पार्कवाल्यांनी जुन्या डीएनएपासून डायनासोर बनवताना मुद्दाम फक्त माद्या बनवल्या, तरी तिथे आलेल्या डायनासोर-अभ्यासक डॉ. ग्रँटला झाडाखाली फुटलेली अंडी सापडतात आणि तो म्हणतो की डीएनएमधल्या गॅप बेडकाच्या डीएनएने भरल्या होत्या, काही बेडूक आजूबाजूला सगळे एकाच लिंगाचे असले की स्वतःचं लिंग बदलतात, तसंच इथे झालं, तर हे कितपत खरं.

आधी डीएनए टिकण्याचा मुद्दा बाजूला काढतो कारण लोक तिथेच अडकतात. नाही टिकत. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या १५८ हाडांवरून हिशोब मांडला गेला, त्या हाडांमधला डीएनए दर ५२१ वर्षांनी निम्मा होत गेला होता, आणि डायनासोर जाऊन झाली ६.६ कोटी वर्षं. शिवाय पिच्चरमध्ये डायनासोरचं रक्त अंबरमध्ये (झाडाच्या दगड झालेल्या डिंकात) अडकलेल्या डासातून काढलंय, आणि त्या अंबरची खाण डॉमिनिकन रिपब्लिकमधली दाखवलीय, तिथलं अंबर साधारण दीड-दोन कोटी वर्षांचं, म्हणजे त्यातल्या डासाच्या कितीतरी आधीच डायनासोर संपलेले. पण याला मी घोळ म्हणत नाही, गोष्ट सुरू व्हायला एवढं मान्य करावंच लागतं.

माद्यांचं प्रकरण मात्र गोष्टीच्या आतच तुटतं. पार्कचे डायनासोर बनवणारा शास्त्रज्ञ डॉ. वू सांगतो की पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांचे गर्भ मुळात मादीच असतात, नर व्हायला एक जादा हॉर्मोन लागतं, ते आम्ही देत नाही. माणूस, गाय, उंदीर यांना हे साधारण लागू पडतं. पण ज्या पिच्चरमध्ये पहिल्या काही मिनिटांतच ग्रँट लहान पोराला समजावतो की डायनासोर सरड्यांपेक्षा पक्ष्यांना जवळचे, त्याच पिच्चरमध्ये पक्ष्यांचा नियमच कोणी बघितला नाही! पक्ष्यांत उलटं असतं. कोंबड्याकडे दोन सारखी गुणसूत्रं, झेड-झेड, आणि कोंबडीकडे झेड-डब्ल्यू, आणि अंडाशय नीट तयार व्हायला इस्ट्रोजेन हे हॉर्मोन लागतं. अंड्यात ते बनवणारं एन्झाइम बंद पाडलं तर मादी पिल्लू नराच्या वळणावर जातं, हे कोंबड्यांत करून बघितलंय. म्हणजे हॉर्मोन अडवून माद्या बनवायला गेलेल्या वूच्या बेटावर नरच जास्त झाले असते.

बरं, डायनासोर मगरींसारखे होते असं धरलं तर काम अजून सोपं. मगरीत लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नसतात, अंडं किती गरम राहिलं यावर ठरतं. मद्रास क्रोकोडाइल बँकेत आपल्याकडच्या मगरींच्या अंड्यांवर हे तपासलंय, ३१ अंशांपर्यंत माद्या आणि ३२.५ च्या आसपास नर. तेव्हा इनक्युबेटरचा काटा खाली ठेवायचा, बस, हॉर्मोनची भानगडच नको.

वूचं दुसरं कच्चं काम म्हणजे लायसिन, शरीरातली प्रथिनं बनायला लागणारा एक घटक. या प्राण्यांना लायसिन स्वतः बनवता येणार नाही अशी सोय केलीय म्हणे, म्हणजे पळाले तरी गोळ्यांशिवाय मरतील. अहो पण लायसिन कुठलाच प्राणी स्वतः बनवत नाही, आपणही नाही, सगळ्यांना ते खाण्यातूनच मिळतं! भातात ते कमी असतं आणि डाळीत भरपूर, म्हणून तर वरण-भात एकमेकांना पुरे पडतात. १९९० च्या मूळ कादंबरीत शेवटी पळालेले प्राणी सोयाबीन आणि कोंबड्या खाताना दाखवलेत, म्हणजे लेखक मायकल क्रायटन यांनी पळवाट ठेवलीच होती, पण पार्कच्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक नसणं पटत नाही.

आता अंड्यांचं खरं उत्तर. बेडूक लागतच नाही. टर्कीच्या माद्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातल्या काहींत पिल्लू वाढतं हे १९५० च्या दशकापासून माहितीय. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये चेस्टर आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत कोमोडो ड्रॅगनमध्ये हेच दिसलं, आणि २०२१ मध्ये कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडातही. गंमत म्हणजे या तिन्हींत अशी पिल्लं नरच निघतात, कारण अंड्यात आईच्या गुणसूत्रांपैकी झेड किंवा डब्ल्यू यातलं एकच येतं, ते दुप्पट झालं की झेड-झेड किंवा डब्ल्यू-डब्ल्यू होतात आणि डब्ल्यू-डब्ल्यू जगत नाही. म्हणजे फक्त माद्यांचं बेट स्वतःच स्वतःचे नर तयार करतं. पक्ष्यांचा नियम धरला असता तर ही सगळी गोष्ट कुठलीही ओढाताण न करता बसली असती, म्हणून मला ती बेडकाची चूक जास्तच खुपते.

पण मग कोणाला कळलं कसं नाही, हा भाग कादंबरीत फार सुंदर आहे आणि पिच्चरमध्ये तो गाळलाय. कॉम्प्युटर प्राणी मोजतो, अपेक्षित २३८, सापडले २३८, सगळे खूश. पार्क तपासायला आलेला गणितज्ञ माल्कम म्हणतो जरा जास्त शोधायला सांगा, तर निघतात २९२. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना प्राणी पळून कमी होतील एवढीच भीती होती, म्हणून २३८ झाले की मोजणं बंद. मी गोडाऊनच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर बघतो, आमच्याकडेही एकदा असाच रिपोर्ट होता, कमी माल लाल दाखवायचा आणि जास्त आलेला माल कुठेच दिसायचा नाही, आठ महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे हा भाग मला शंभर टक्के खरा वाटतो. माल्कमला संशय येतो तोही छोट्या डायनासोरांच्या उंचीच्या ग्राफवरून, तीन बॅचमध्ये सोडलेल्या प्राण्यांच्या उंचीचे तीन वेगळे उंचवटे दिसायला हवेत, इथे एकच घंटेसारखा आकार, जो पिल्लं होणाऱ्या कळपातच येतो.

माझ्या टर्कीवाल्या उत्तरात एक अडचण आहे ती सांगतो. टर्कीत अशी बहुतेक पिल्लं अंड्यातच मरतात, मोठी होणारी अगदी थोडी, तेव्हा ५४ जादा प्राणी एवढ्यानेच झाले नसते. पण एखादा नर जरी वयात आला, तरी पुढची अंडी नेहमीच्या मार्गाने येणार आणि त्यातून नर-मादी दोन्ही निघणार.