भाडं म्हणजे पैसे पाण्यात?

न्यू जर्सीहून एका वाचक ताईंचं सविस्तर पत्र आलंय. चौदा वर्षं तिथे राहून, तिथलं घर विकून, चौघंजण येत्या जूनमध्ये, म्हणजे 2026 च्या जूनमध्ये, पुण्यात कायमचे परत येणार आहेत. दोघंही भारतीय नागरिक, ग्रीन कार्ड झालेलं नाही. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची, दोघांचा जन्म तिकडचा. घराचे आणि बचतीचे मिळून हातात 3 लाख 40 हजार डॉलर आहेत, 401(के) या अमेरिकेतल्या निवृत्तीच्या बचत खात्यात वेगळे 2 लाख 60 हजार डॉलर. यजमानांची बदली कंपनीच्याच हिंजवडीच्या ऑफिसात झाली आहे, हातात महिन्याला 2 लाख 80 हजार रुपये येतील. ताई वर्षभर घरी थांबणार आहेत. बाणेरमध्ये 2 कोटी 40 लाखांचा तयार फ्लॅट पाहून ठेवलाय, तो रोखीने घ्यायचा, घरातलं सगळं सामान वीस फुटी कंटेनरमधून आणायचं आणि महिना 1 लाख 10 हजारांत घर चालवायचं, असा बेत आहे. सासूबाईंचं म्हणणं, भाडं म्हणजे पैसे पाण्यात.

ताई, आधी माझं मत सांगतो, मग हिशेब. फ्लॅट आत्ता घेऊ नका. दीड वर्ष भाड्याने राहा. कंटेनरही नको.

डॉलर तुम्ही 88 रुपयांनी धरलाय, मीही तोच धरतो. तुमचे 3 लाख 40 हजार डॉलर म्हणजे 2 कोटी 99 लाख 20 हजार. फ्लॅटचे 2 कोटी 40 लाख. त्यावर पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 16 लाख 80 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. फर्निचर-किचनसाठी तुम्हीच 25 लाख लिहिलेत. गाडी 12 लाख, दोन मुलांची पहिल्या वर्षाची शाळा 5 लाख, हेही आकडे तुमचेच. बेरीज करून बघा, हातात दहा हजार रुपये उरतात. अजून कंटेनरवाल्याला 7,200 डॉलर द्यायचे आहेत.

चौदा वर्षांची कमाई एका दाराच्या आत गेली आणि बाहेर काही उरलं नाही, अशा अवस्थेत तुम्ही एका पगारावर नव्या शहरात संसार मांडणार आहात. नवं शहर मुद्दाम म्हणतोय. तुम्ही 2012 साली सोडलेलं पुणं आता तिथे नाही. त्यातून तुमचं घर बाणेरला, ऑफिस हिंजवडीला, सासूबाई कोथरूडला आणि शाळा अजून ठरायची आहे. शाळा कोणती मिळते, यजमानांना आठवड्यातून किती दिवस ऑफिसला जावं लागतं, सासूबाईंकडे रोज एक फेरी लागते की रविवारची पुरते, यावर घर कुठे हवं ते ठरतं. ही उत्तरं एका पावसाळ्यात रोज त्या रस्त्याने गेल्यावर मिळतात. त्या सोसायटीत एप्रिल-मे महिन्यात टँकर किती येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये कसे लागतात, तेही फ्लॅट दाखवणारा माणूस सांगत नाही. तिथला भाडेकरू सांगतो.

आता पाण्यात जाणाऱ्या पैशांकडे वळू. तुम्ही लिहिलेलं भाडं महिना 65 हजार, दीड वर्षाचे 11 लाख 70 हजार झाले. नुसतं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी 17 लाख 10 हजार होते, आणि तेही फ्लॅट विकताना परत मिळत नाही. हे पैसे कधी ना कधी द्यायचेच आहेत, हे मान्य. पण चुकीची जागा घेतली, दोन वर्षांत विकून दुसरी घेतली, की ते दोनदा द्यायचे. फर्निचरच्या 25 लाखांतलं भिंतीला ठोकलेलं बहुतेक तिथेच सोडून जायचं. (मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, पण ती फ्लॅट फक्त बाईच्या नावावर असेल तर. दोघांच्या नावावर घेतला तर नाही.)

तेवढ्या काळात फ्लॅट महागला तर? महागेल कदाचित. वर्षाला 6 टक्क्यांनी वाढला तर दीड वर्षात साधारण 21-22 लाख. पण तुमचे 2 कोटी 40 लाखही तोवर उशीखाली पडून राहणार नाहीत. साडेसहा टक्क्यांनी धरलं तरी 23 लाखांच्या वर व्याज येतं. त्यातून कर जाईल, म्हणजे थोडे मागे पडाल. तो फरक आणि भाडं मिळून जे होईल, ती चूक टाळण्याची फी समजा. मला ती स्वस्त वाटते. भाडेकरार नोंदवूनच घ्या, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. करारातला लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, आधी वाचा आणि तो सहा महिन्यांहून जास्त मान्य करू नका.

महिन्याचं बजेट वाचून मात्र मला थोडी काळजी वाटली. 1 लाख 10 हजार हा आकडा तुमच्या नणंदेच्या घरखर्चावरून आलाय. त्यांचं घर स्वतःचं, मुलं मोठी झालेली, आणि त्यांना वीस वर्षांची घडी बसलेली. तुमचं भाडं 65 हजार, शाळेचे 5 लाख बारा महिन्यांत वाटले तर साधारण 42 हजार. झाले 1 लाख 7 हजार. दूधवाला अजून दारात आलेला नाही.

पुढे स्कूल बस, पेट्रोल, गाडीचा विमा, वीज, इंटरनेट, गॅस. भांडी-केरफरशीच्या मावशी वेगळ्या, स्वयंपाकाच्या वेगळ्या, दिवाळीला दोघींना एकेक पगार बोनस. पहिल्या वर्षी भाचे-पुतण्यांची लग्नं, मुंजी, वास्तुशांती यांना ‘तुम्ही अमेरिकेहून आलात’ या हिशेबाने आहेर होतो. तो दरमहा दिसत नाही, पण वर्षाअखेर मोठा निघतो. सासूबाईंची औषधं आणि तपासण्या आजवर दिराच्या खिशातून जात होत्या, आता त्यांत तुमचा वाटा येईल, आणि यायलाच हवा. माझ्या अंदाजाने पहिलं वर्ष तुम्हाला महिना दोन लाखांच्या आसपास जाईल. पगारात बसतं, पण शिल्लक तुम्ही समजता तेवढी नाही.

परत आलेल्या बहुतेक घरांत मी एक सवय पाहिलीय. पहिले सहा महिने प्रत्येक किंमत मनातल्या मनात 88 ने भागली जाते. आठशे रुपयांची पावभाजी नऊ डॉलरची होते, पंधरा हजारांचा पडदा एकशे सत्तरचा. सगळंच स्वस्त वाटतं, आणि याच काळात घर लागत असतं, म्हणजे खर्च सर्वांत जास्त असतो. मग भागाकार सुटतो आणि पगार रुपयांत आहे हे अंगवळणी पडतं. तुमच्या घरखर्चाचा खरा आकडा त्यानंतर कळतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा हिशेब जपून ठेवा, पण त्यावरून काही ठरवू नका. सातव्या महिन्यापासून पुढच्या वर्षभराची वही हीच तुमची खरी वही, आणि किती मोठा फ्लॅट झेपेल ते त्यातून निघेल.

कंटेनरचं थोडक्यात. तिथली वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. इथली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. वॉशर, मायक्रोवेव्ह, ब्लेंडर इथे थेट लावले तर जळतील. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे मोटर असलेल्या वस्तूंचं काही खरं नाही. ज्या वस्तूंवर 100-240 लिहिलंय, लॅपटॉप, फोनचे चार्जर, त्या बिनधास्त आणा. किंग साइझचा पलंग आणलात तर त्याच्या मापाची चादर इथे शोधत फिराल, कारण तिथला किंग इथल्यापेक्षा मोठा असतो. पुस्तकं, मुलांच्या सायकली, मुलीचं व्हायोलिन, चांगली कढई-पातेली, एवढंच खोक्यांत घालून पाठवा आणि बाकीचं तिथेच विका. परदेशी राहिलेल्या वर्षांप्रमाणे कस्टम्सची सवलत असते, त्यासाठी वस्तूंची यादी आणि जुन्या-नव्या पासपोर्टांच्या प्रती हाताशी ठेवा. एका गोष्टीवर मात्र कंजुषी नको: अमेरिकेतला फोन नंबर बंद करू नका, एखाद्या स्वस्त प्लॅनवर जिवंत ठेवा. बँकेचे आणि 401(के) चे सगळे ओटीपी त्यावर येतात. नंबर गेला, की पैसे तुमचे असून तुम्हालाच दिसत नाहीत.

डॉलरपैकी किती इकडे आणायचे, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, सगळेच आणायचे असं गृहीत धरलंत. मुलगा पाच वर्षांनी कॉलेजला जाईल. तो अमेरिकन नागरिक आहे, इथे ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर, राहील. 2021 च्या अधिसूचनेने ओसीआयधारकांना नीटसारख्या प्रवेश परीक्षांतून एनआरआयसाठीच्या जागांपुरतंच ठेवलं; सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालाने आधीच्या ओसीआयधारकांना त्यातून सूट दिली, म्हणून ‘डॉक्टरकी करायची तर इथे स्वस्तात होईल’ हे गणित त्याचं कार्ड कधीचं आहे ते तपासल्याशिवाय धरू नका. तो अमेरिकेत शिकायला गेला, तर नागरिक म्हणून सरकारी शैक्षणिक मदतीसाठी अर्ज करू शकेल, पण तुम्ही न्यू जर्सी सोडल्यावर तिथली रहिवाशांची कमी फी मिळणार नाही. हा खर्च डॉलरमधला आहे. मग त्याचे पैसेही डॉलरमध्येच राहू द्या. 1 लाख 20 हजार डॉलर बाजूला काढा. निघण्यापूर्वी, अनिवासी असतानाच, ते एफसीएनआर ठेवीत, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या परकीय चलनातल्या ठेवीत, टाकता येतील. परत आल्यावरही ही ठेव मुदत संपेपर्यंत चालते.

तुमची आणखी एक सोय होते आहे. इतकी वर्षं बाहेर राहिल्यामुळे परत आल्यावर लगेच तुम्ही करासाठी पूर्ण निवासी होत नाही, मधला ‘निवासी पण साधारण निवासी नाही’ हा दर्जा मिळतो. नवा 2025 चा आयकर कायदा आला तरी निकष तेच आहेत: मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी, किंवा मागच्या सात वर्षांत भारतातले दिवस 729 किंवा कमी. जून 2026 ला आलात, तर 31 मार्च 2028 पर्यंतची दोन वर्षं पक्की. तिसरं वर्ष सुट्ट्यांवर आहे: एप्रिल 2021 ते मार्च 2026 या पाच वर्षांत तुम्ही एकूण साधारण 70 दिवसांहून जास्त इथे राहिला असाल, तर ते मिळणार नाही. प्रत्येकाचे दिवस वेगळे मोजायचे. पासपोर्टचे शिक्के घेऊन सीएकडे बसा. या काळात परदेशातल्या व्याजावर इथे कर नाही, एफसीएनआरच्या व्याजावरही नाही. इथल्या पगारावर आणि इथल्या साध्या ठेवींवर मात्र पूर्ण कर आहे.

एनआरई खात्याबाबत, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या खात्याबाबत, लोक हटकून चुकतात. कायमचे परत आलात, की ते खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून निवासी खातं किंवा आरएफसी (परत आलेल्यांसाठीचं परकीय चलनातलं) खातं करून घ्यायचं. एनआरई ठेवीचं करमुक्त व्याजही तुम्ही अनिवासी असेपर्यंतच. आधी सांगितलेल्या मधल्या दर्जाचा इथे उपयोग नाही; तो आयकर कायद्यातला, आणि या खात्यासाठी अनिवासी कोण ते परकीय चलनाच्या कायद्याने ठरतं.

401(के) ला हात लावू नका. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलात तर 10 टक्के दंड आहे. करासाठीचा तो मधला दर्जा संपला, की त्या खात्यातल्या वाढीवर इथला कर दरवर्षी द्यायचा की पैसे काढताना, हे निवडण्याची तरतूद आहे. ती सीएला आठवणीने विचारा.

आजीला नातीच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं उघडायचंय, त्यांना नाही म्हणावं लागेल. ते खातं भारतीय नागरिक असलेल्या मुलीसाठीच आहे. मुलांच्या नावाने इथले म्युच्युअल फंडही नकोत. अमेरिकन नागरिकाकडे परदेशी फंड असले, तर तिथला कर आणि कागदपत्रं इतकी जाचक होतात, की नफ्यापेक्षा सीएची फी जास्त भरते. दिरांनी सुचवलेल्या पतसंस्थेतही ठेव नको. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला तोही नाही.

आरोग्य विमा मात्र उतरल्या उतरल्या घ्या, कंपनीचा असला तरी स्वतःचा वेगळा. यजमानांना रक्तदाब आहे असं लिहिलंत. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि ते घड्याळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून सुरू होतं. रक्तदाब फॉर्ममध्ये लिहायचा, एजंट ‘कशाला लिहिता’ म्हणाला तरी.

राहिल्या सासूबाई. त्यांना मुद्रांक शुल्काचा आकडा दाखवून काही होणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. त्यांना आपला मुलगा परत आलाय आणि तो परत जाणार नाही याची खूण हवी आहे. भाड्याचं घर कोथरूडमध्येच, त्यांच्यापासून चालत दहा मिनिटांवर घ्या, बाणेरला नाही. यजमानांचा प्रवास वाढेल, पण दीड वर्ष निभेल. आणि गृहप्रवेश 2028 च्या पाडव्याला करायचा, असं त्यांना आत्ताच सांगून टाका.