जुन्या व्हॅक्यूम क्लीनरने मधमाश्यांचा थवा गोळा करता येतो का?

येतो, पण माशी ओळखूनच. मीटरबॉक्समध्ये किंवा भिंतीच्या पोकळीत शिरलेल्या सातेरीसाठी (लाकडी पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) हे यंत्र ठीक (वीज आधी बंद करून घ्या). टॉवरच्या सज्जाखाली उघड्यावर एकच मोठं पोळं लोंबत असेल, तर ती आग्या. तिच्या वाटेला अजिबात जाऊ नका. आणि थवा फांदीवर असेल, तर खाली पेटी धरून फांदीला एक हिसका पुरतो.

झाकणाच्या 20 लिटरच्या बादलीला दोन भोकं पाडा. एकात माश्यांचा पाइप, दुसऱ्यात क्लीनरचा, आणि त्यावर आतून बारीक जाळी. माश्यांचा पाइप आतून गुळगुळीतच हवा, वळ्यांच्या पाइपात पाय-पंख तुटतात. माश्या जिथे आपटतील तिथे जाड फोम लावा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओढ कमी-जास्त करायला झाकणाला तिसरं भोक आणि त्यावर सरकती पट्टी. ते उघडं ठेवून सुरुवात करा, माश्या जेमतेम सुटतील इतकंच मिटा. मी आधी साळीच्या लाह्या ओढून बघतो. लाही फोमवर अलगद पडली पाहिजे.

खरा धोका उकाड्याचा. माझ्या पहिल्या खेपेला मे महिन्यात बादली बंद करून तशीच ठेवली. उघडली तर तळाशी ओकलेल्या मधात चिकटलेला काळा गोळा. अजून डोळ्यांपुढे येतो. म्हणून थोड्या थोड्या माश्या ओढा, लगेच जाळीच्या झाकणाखाली सावलीत ठेवा आणि त्याच संध्याकाळी पेटीत सोडा. राणी दिसली तर तिला हातानेच पिंजरीत (राणीसाठीच्या छोट्या पिंजऱ्यात) घ्या.